उंदीर किती, यापेक्षा किती वयाचे? भातशेतीतील उंदरांची वयोरचना कशी ओळखतात, आणि त्याचा शेतकऱ्याला काय उपयोग

वसई : भात पोटरीत आलं की बांधावर ताजी माती दिसू लागते. कापणीच्या तोंडावर खाचराच्या मधोमध लोंब्या कुरतडून पडलेल्या दिसतात. मग धावाधाव करून औषध आणलं जातं, चार दिवसांत पाच-दहा उंदीर मेलेले दिसतात आणि काम झालं असं वाटतं. महिन्याभरात उंदीर पुन्हा तेवढेच. असं का होतं, याचं उत्तर उंदरांच्या संख्येत कमी आणि त्यांच्या वयात जास्त दडलेलं असतं. शेतात पिल्लं किती, वाढीला लागलेले किती आणि वीण देणारे मोठे किती, या हिशोबाला 'वयोरचना' म्हणतात. तो हिशोब कळला की औषध कधी टाकायचं आणि कधी टाकून पैसे पाण्यात जातात, हे कळतं.

थोडक्यात :
- शेतातले बहुतेक उंदीर वर्षभरही जगत नाहीत. त्यांची संख्या टिकते ती सततच्या विणीवर.
- वजन हा वय ओळखण्याचा सोपा मार्ग आहे, पण एकट्या वजनावर विसंबलं तर फसगत होते.
- प्रयोगशाळेत डोळ्यातलं भिंग आणि दाढा पाहून वय जास्त अचूक सांगता येतं.
- वीण सुरू होण्याआधी मारलेली एक मादी ही कापणीच्या वेळी मारलेल्या कित्येक उंदरांच्या बरोबरीची असते.

वयोरचना म्हणजे नेमकं काय?

गावची लोकसंख्या सांगताना नुसतं '१२०० माणसं' म्हटलं तर फारसं कळत नाही. शाळेत जाणारी मुलं किती, तरुण किती, म्हातारे किती हे कळलं की पुढच्या दहा वर्षांत गाव वाढणार की रिकामं होणार याचा अंदाज येतो. उंदरांचंही तसंच, फक्त त्यांची 'दहा वर्षं' तीन-चार महिन्यांत संपतात.

अभ्यासक साधारण तीन गट करतात. पहिला गट पिल्लांचा : आईच्या दुधावर असलेली किंवा नुकती बिळाबाहेर पडलेली. दुसरा अर्धवाढीच्या उंदरांचा : स्वतः खाऊन जगणारे, पण अजून वीण न देणारे. तिसरा प्रौढांचा : वीण देणारे नर-माद्या. या तिघांचं आपसातलं प्रमाण म्हणजे त्या शेताची वयोरचना.

आधी जात ओळखा

वयाआधी जात ओळखावी लागते, नाहीतर सगळा हिशोब चुकतो. भातशेतीत प्रामुख्याने तीन प्रकार भेटतात.

लहान घूस : शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. भाताचं सर्वात जास्त नुकसान हीच करते. अंग काळपट, केस राठ, तोंड आखूड. पूर्ण वाढलेली लहान घूस २०० ते ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. ती बिळाचं तोंड आतून मातीने बुजवते आणि बाहेर भुसभुशीत मातीचा ढीग टाकते. आत लोंब्यांचा साठा करते. गावात गटाराकडेला दिसणारी मोठी घूस ही वेगळी जात.

मऊ केसांचा शेतउंदीर : मध्यम आकाराचा, अंग मऊ, पोट फिकट.

शेतातला लहान उंदीर : पूर्ण वाढ होऊनही वजन जेमतेम १० ग्रॅमच्या आसपास.

आता बघा, १२ ग्रॅमचा एक जीव सापळ्यात आला. तो शेतातला लहान उंदीर असेल तर पूर्ण प्रौढ आहे. तोच लहान घुशीचा असेल तर दूध पिणारं पिल्लू आहे. त्यातच चिचुंद्री आली तर ती उंदीरच नव्हे. लांब सोंडेसारखं तोंड आणि उग्र वास असलेली चिचुंद्री किडे खाते. तिला उंदरांत मोजायचं नाही आणि मारायचंही नाही.

बांधावरची सगळी भोकं उंदरांची नसतात, हेही ध्यानात ठेवावं. खेकड्यांची बिळं पाण्याच्या कडेला असतात, तोंडाशी चिखलाच्या ओल्या गोळ्या दिसतात. घुशीच्या बिळाशी भुरभुरीत मातीचा ढीग असतो.

वय ओळखण्याच्या पद्धती

वजन आणि लांबी : सर्वात स्वस्त पद्धत. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो. पण वजन खाण्यावर अवलंबून असतं. ऐन पावसात बिळात पाणी शिरून उपाशी राहिलेला प्रौढ हलका भरतो आणि लहान वाटतो. कापणीच्या दिवसांत भात खाऊन चार आठवडे जास्तीचा वाटेल असा अर्धवाढीचा उंदीरही मिळतो. गाभण मादीचं वजन तर पोटातल्या पिल्लांमुळेच वाढलेलं असतं. म्हणून गाभण माद्या वजनाच्या हिशोबातून वेगळ्या काढतात. मागच्या पायाच्या पंज्याची लांबी लहानपणी झपाट्याने वाढते आणि मग थांबते. पिल्लू आणि मोठा वेगळा करायला ती चालते, मोठ्यांमधला फरक तीवरून कळत नाही.

विणीच्या खुणा : नराचे वृषण खाली उतरून पिशवीत स्पष्ट दिसत असतील तर तो प्रौढ. मादीचा योनीमार्ग उघडलेला असेल, सड ठळक दिसत असतील तर ती वीण देण्याच्या वयाची. सडाभोवतीचे केस झडलेले असतील तर ती पिल्लांना पाजते आहे. पोट फाडून पाहणारे अभ्यासक गर्भाशयातली पिल्लं मोजतात. आधीच्या बाळंतपणात वार जिथे चिकटली होती तिथे काळसर डाग राहतात, त्यांवरून मादी याआधी व्याली का हे कळतं.

दाढांची झीज : इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुढचे लांब दात पाहून उंदराचं वय सांगता येत नाही. ते दात जन्मभर वाढत राहतात आणि कुरतडून झिजत राहतात. दाढांचं तसं नाही. दाढा एकदाच येतात आणि वयाबरोबर झिजतात. तरुणाच्या दाढेवर उंचवटे स्पष्ट दिसतात, म्हाताऱ्याची दाढ सपाट होते. यातही अडचण आहेच. रेताड, खरखरीत मातीत राहणाऱ्याच्या दाढा लवकर झिजतात. त्यामुळे एका भागातला मापदंड दुसऱ्या भागात जसाच्या तसा लावता येत नाही.

डोळ्यातलं भिंग : ही पद्धत जगभर सर्वात जास्त वापरली गेली. डोळ्यातलं भिंग जन्मभर थराथराने वाढत राहतं, आणि खाणं कमी-जास्त झालं तरी त्याच्या वाढीवर शरीराच्या वजनाएवढा परिणाम होत नाही. अमेरिकेत रेक्स लॉर्ड यांनी १९५९ मध्ये रानसशांवर ही पद्धत मांडली, पुढे ती उंदरांसाठी वापरात आली. डोळा फॉर्मेलिनमध्ये काही आठवडे ठेवतात, मग भिंग काढून भट्टीत पूर्ण वाळवतात आणि मिलिग्रॅममध्ये तोलतात. पिंजऱ्यात वाढवलेल्या, जन्मतारीख माहीत असलेल्या उंदरांच्या भिंगाशी ते ताडून पाहतात. लहान वयात अंदाज बराच जवळ येतो. वय वाढलं की भिंगाची वाढ मंदावते आणि अंदाजही सैल होतो.

हाडांची टोकं : वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चा असते. वाढ संपली की ती हाडाला जुळते. एक्स-रेत हे दिसतं. वाढ पूर्ण झाली की नाही एवढंच यातून कळतं.

कोणतीही एक पद्धत पुरेशी नाही. म्हणून शेतावरच्या कामासाठी वजन आणि विणीच्या खुणा एकत्र पाहतात, आणि शास्त्रीय अभ्यासात भिंग किंवा दाढांचा आधार घेतात.

नमुना कुठून घेतला, त्यावर उत्तर ठरतं

सापळ्यात येतात ते मुख्यतः फिरणारे उंदीर. दुधावरची पिल्लं बिळातच असतात, ती सापळ्यात कधीच येत नाहीत. काही मुरलेले उंदीर नव्या वस्तूला बिचकतात आणि दिवसेंदिवस सापळ्याजवळ जात नाहीत. म्हणजे सापळ्यातला आकडा हा शेतातल्या सगळ्या उंदरांचा आरसा नसतो.

बीळ खणलं तर चित्र जास्त खरं दिसतं. लहान घूस सहसा एका बिळात एकटी राहते, मादीबरोबर तिची पिल्लं असतात. दहा बिळं खणल्यावर बहुतेकांत एकेकटा मोठा सापडला तर वीण अजून सुरू व्हायची आहे. पिल्लांसह माद्या सापडू लागल्या तर वीण सुरू झाली आहे. कातकरी समाजातील जाणत्यांना बिळाची तोंडं किती, वाट कुठे वळते, साठा कुठे आहे याची पारख पिढ्यान्पिढ्यांची आहे. गावाने उंदीर-मोहीम घेतली तर या माणसांना योग्य मजुरी देऊन सोबत घेणं हिताचं.

तिसरा मार्ग घुबडाचा. गव्हाणी घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केसांचा गोळा तोंडावाटे टाकतं. पडक्या घराखाली, जुन्या झाडाखाली हे गोळे सापडतात. त्यातल्या जबड्यांवरून जात आणि साधारण वय कळतं. मात्र घुबड आपल्याला झेपेल तेवढीच शिकार करतं, त्यामुळे मोठ्या घुशी या गोळ्यांत कमी दिसतात.

आकडे वाचताना फसगत कुठे होते?

समजण्यासाठी दोन गावांचे काल्पनिक आकडे घेऊ. दोन्हीकडे ४० घुशी पकडल्या.

पहिलं गाव : २८ अर्धवाढीच्या, १२ प्रौढ, गाभण माद्या २.
दुसरं गाव : ६ अर्धवाढीच्या, ३४ प्रौढ, गाभण माद्या १५.

वरवर पाहता पहिल्या गावात 'नवी पिढी' जास्त, म्हणून धोका तिथे मोठा वाटतो. पण दुसऱ्या गावात १५ माद्या गाभण आहेत. एका वितीत सरासरी ६ पिल्लं धरली तरी तीन आठवड्यांच्या आत ९० पिल्लं येणार. पहिल्या गावात वीण होऊन गेली आहे, दुसऱ्यात ती दाराशी उभी आहे. तातडी दुसऱ्या गावाला.

आणखी एक खाच. पिल्लं जास्त दिसली म्हणजे उंदीर वाढतायत, असंही लगेच म्हणता येत नाही. औषधाने मोठे मेले आणि लहान उरले, तरी लहानांचं प्रमाण वाढलेलंच दिसतं. म्हणून एकदा मोजून निष्कर्ष काढायचा नसतो. दर महिन्याला, त्याच शेतात, त्याच पद्धतीने मोजलं तरच दिशा कळते.

भाताचं वेळापत्रक आणि उंदराचं वेळापत्रक

वसई पूर्वेला पारोळ, भाताणे, मेढे, शिरसाड या पट्ट्यात आणि पुढे वाडा, विक्रमगड, जव्हारपर्यंत भात हेच खरिपाचं मुख्य पीक. जूनमध्ये पेरणी, जुलैत लावणी, सप्टेंबरमध्ये पोटरी-निसवा आणि ऑक्टोबरपासून कापणी.

पावसाच्या सुरुवातीला खाचरं भरली की सखल भागातली बिळं बुडतात. उरलेले उंदीर उंच बांधावर, माळावर, खारबंधाऱ्यावर गोळा होतात. तेव्हा त्यांची संख्या कमी असते आणि जागाही थोड्या असतात. पुढे दाणा भरू लागला की खाणं भरपूर मिळतं आणि वीण जोर धरते.

लहान घुशीचा गर्भकाळ तीन आठवड्यांच्या आसपास असतो, आणि पिल्लं साधारण तीन महिन्यांत स्वतः विणीला येतात. कागदावर हिशोब मांडू. एक मादी जुलैच्या सुरुवातीला, ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबरमध्ये प्रत्येकी ६ पिल्लं देते : झाली १८. पहिल्या वितीतल्या ३ माद्या ऑक्टोबरमध्ये विणीला येऊन महिनाअखेर प्रत्येकी ६ पिल्लं देतात : आणखी १८. आई धरून ३७. प्रत्यक्षात यातली बरीच पिल्लं साप, घुबड, पाणी, उपासमार यांना बळी पडतात, त्यामुळे आकडा एवढा जात नाही. पण मुद्दा स्पष्ट होतो. जूनअखेर बांधावर मारलेली एक मादी म्हणजे ऑक्टोबरमधल्या डझनावारी उंदरांचा बंदोबस्त.

आग्नेय आशियातल्या भातउत्पादक देशांतही हेच दिसलं. इंडोनेशिया, व्हिएतनाममध्ये भातातल्या उंदरांच्या विणीचा काळ पिकाच्या अवस्थेशी बांधलेला आढळला. त्यामुळे तिथे तीन गोष्टींवर भर दिला जातो : गावाने मिळून, हंगामाच्या सुरुवातीलाच मोहीम घेणे, शेजारच्या शेतांत लावणी पंधरवड्याच्या आत आटोपणे, म्हणजे दाणा भरण्याचा काळ लांबत नाही, आणि बांध ३० सेंटिमीटरपेक्षा अरुंद ठेवणे, म्हणजे बीळ करायला जागा मिळत नाही. आपल्याकडे डोंगरउतारावर किंवा खाजणात बांध अरुंद करणं नेहमी शक्य नसतं. तिथे निदान बांधावरचं गवत काढून तो उघडा ठेवता येतो.

वसई पश्चिमेला वेळापत्रक थोडं वेगळं. अर्नाळा, आगाशी, निर्मळ, भुईगाव परिसरातल्या वाड्यांत केळी, भाजीपाला वर्षभर असतो, म्हणजे खाणंही वर्षभर. तिथे वयोरचनेत भातशेतीसारखे मोठे चढउतार अपेक्षित धरू नयेत. मोजणी वर्षभर चालू ठेवावी लागते.

वय आणि लेप्टो

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रातून पाण्यात येतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये दिवसेंदिवस पाणी साचलं होतं, तेव्हाही हीच भीती होती. लागण झालेला उंदीर दीर्घकाळ जंतू टाकत राहतो. म्हणून वय वाढत जातं तशी उंदरांमध्ये लागण झालेल्यांची टक्केवारी वाढते. म्हणजे पिकाच्या दृष्टीने येणारी पिल्लं हा धोका, तर आरोग्याच्या दृष्टीने मुरलेले प्रौढ हा मोठा धोका.

साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, त्यातही पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना विचारावं. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. ताप, डोळे लाल होणे, पोटऱ्या दुखणे ही लक्षणं अंगावर काढू नयेत.

आपल्या भागातला जुना अभ्यास

उंदरांचा पद्धतशीर अभ्यास मुंबई इलाख्याला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पुढे परळला १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली, तीच आजची हाफकिन संस्था. उंदीर आणि त्यांच्या अंगावरचे पिसू यांचा माणसाच्या प्लेगशी संबंध पक्का करण्याचं मोठं काम १९०५ नंतर इथेच झालं. त्यासाठी शहरभरातून उंदीर गोळा करून तपासले गेले.

लहान घुशीवरचा एक सविस्तर अभ्यास जे. जुआन स्पिलेट यांनी कोलकात्याच्या धान्यगोदामांत केला. तो १९६८ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केला. १९७७ पासून जोधपूरच्या काझरी संस्थेतून उंदीर नियंत्रणाचा अखिल भारतीय संशोधन प्रकल्प सुरू झाला.

वयोरचना एकदम बदलली की काय होतं, याचा सर्वात कडू अनुभव मिझोरामचा. तिथे साधारण ४८ वर्षांनी बांबूला एकाच वेळी फुलोरा येतो. बियांच्या सुकाळात उंदरांची वीण वाढते, पिल्लांची लाट येते, आणि बिया संपल्या की ती लाट भातावर उतरते. १९५९ मध्ये यातूनच दुष्काळ पडला. २००७ मध्येही फुलोऱ्यापाठोपाठ पिकांचं मोठं नुकसान झालं.

गावात काय करता येईल?

१. जूनपासून एक वही ठेवा. रकाने सहा : तारीख, शेताचं नाव, जात, वजन, नर की मादी, विणीची खूण.

२. चालू बिळं मोजा. संध्याकाळी बिळाची तोंडं मातीने बुजवा, सकाळी किती उघडली ते पाहा. घुशीच्या बाबतीत तोंड उघडं दिसलं नाही तरी ताजा मातीचा ढीग दिसला की ते चालू बीळ धरा.

३. दर महिन्याला त्याच शेतांत, तेवढेच सापळे, तेवढ्याच रात्री लावा.

४. महिन्याअखेर तीन आकडे काढा : एकूण किती, त्यात अर्धवाढीचे किती, प्रौढ माद्यांपैकी गाभण किंवा पाजणाऱ्या किती.

५. गाभण माद्यांचं प्रमाण चढू लागण्याआधी, म्हणजे लावणीच्या आसपास, सगळ्या शिवाराने एकत्र मोहीम घ्या. एकट्याने केलं तर शेजारच्या शेतातले उंदीर मोकळी झालेली बिळं आठवडाभरात भरून काढतात.

६. धामण आणि घुबड यांना जपा. धामण बिनविषारी आहे आणि कायद्याने संरक्षितही. शेतात पक्षीथांबे उभारा.

औषध वापरायचंच असेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालय किंवा कोसबाड हिल (ता. डहाणू) येथील कृषी विज्ञान केंद्राकडून कोणतं, किती आणि कसं हे आधी विचारून घ्या. झिंक फॉस्फाईडवर नेमका उतारा नाही. ते उघड्या हाताने हाताळू नका, घरात ठेवू नका, मुलं आणि जनावरं यांच्यापासून लांब ठेवा.

पकडलेला किंवा मेलेला उंदीर हातमोजे घालूनच उचला. वजन करताना तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, नंतर खोल पुरा आणि हात साबणाने धुवा. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. पोट फाडून तपासणं घरी करू नका, ते काम प्रयोगशाळेचं आहे.

एका हंगामाची वही फार काही सांगणार नाही. दोन-तीन हंगामांच्या वह्या शेजारी ठेवल्या की आपल्या शिवारात वीण कोणत्या पंधरवड्यात सुरू होते ते दिसेल. औषधाचा आणि मजुरीचा खर्च त्या पंधरवड्याच्या आधी व्हायला हवा.